बारा कोऱ्या पट्ट्या

बा, त्या पट्ट्या सापडल्या. देवाच्या फळीवर, करंड्याच्या मागे जो पत्र्याचा डबा आहे, त्यात. तू तिथे जमिनीचा कागद आणि माझा मॅट्रिकचा दाखला ठेवायचास, त्या दोहोंच्या मध्ये होत्या. मी वहीच्या पानात गुंडाळून दिल्या होत्या, ते पानही तसंच होतं, वरून तू दोरा गुंडाळला होतास. मी त्या तीनदा मोजल्या. बाराच्या बारा होत्या, आणि सगळ्या कोऱ्या.

आयेला कळेना मी चुलीपाशी जाऊन का बसलो. ती म्हणाली, "काय रे गणू, काय लिवलंय त्याच्यावर?" मी म्हणालो, काही नाही. खरंच काही नव्हतं.

तुला 'तू' म्हणून लिहितो आहे. कॉलेजात गेल्यापासून मी तुला अहो-जाहो करू लागलो होतो, कारण तिथली मुलं आपल्या वडिलांबद्दल तशी बोलायची. पहिल्यांदा मी "तुम्ही जेवलात का?" असं विचारलं तेव्हा तू मागे वळून पाहिलंस, दारात आणखी कोण आलंय ते. मग आयेला म्हणालास, "गो, ह्यानं मला पावणा केला." आये हसली. तू हसला नाहीस. पण पुन्हा कधी त्याबद्दल बोललाही नाहीस, आणि मी तसंच बोलत राहिलो. आता ते सोडतो. उशीर झाला हे मला कळतं.

हा लेख आमच्या कॉलेजच्या अंकासाठी देणार आहे. त्यामुळे तू काय काम करत होतास ते आधी लिहायला पाहिजे. तीन वर्षं हे मी वर्गात कोणाला सांगितलं नाही. माझे वडील मुंबईला मैलापाण्याच्या पंपावर कामाला होते. सगळ्या शहराची घाण जिथे गोळा होते आणि पंपाने समुद्राकडे ढकलली जाते, तिथे. वाडीत तू सांगितलं होतंस, पाण्याच्या खात्यात आहे. ते खोटं नव्हतं. कोणतं पाणी, असं कोणी विचारलं नाही. कळलं असतं तर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आपल्या कुणब्यांच्या वाडीत, पंगतीला तुझ्या शेजारी कोण बसलं असतं, सांगता येत नाही. पुढे खोकला लागला म्हणून तू परत आलास, आणि महाडच्या बाहेर नदीच्या बाजूला जो धर्मादाय दवाखाना आहे तिथे तुला घेतलं. वाडीत सांगितलंस, दवाखान्यात आहे. हेही खोटं नव्हतं. मीही वर्गात तेच सांगायचो. मुलांना वाटायचं कंपाउंडर असतील. मी वाटू द्यायचो.

तू दवाखान्यामागची टाकी सांभाळायचास. खाटांवरची घाण, पट्ट्या धुतलेलं पाणी, न्हाणीचं पाणी, सगळं नळाने त्या बंद टाकीत यायचं. गाळ तळाशी बसायचा, वरचं पाणी खडीच्या हौदावरून झिरपत जायचं आणि पलीकडे केळींना मिळायचं. कोणी नवीन माणूस आला की तू त्याला शेवटच्या चरातलं पाणी ओंजळीत घेऊन दाखवायचास. "बघा, वास येतो काय?" लोक चार पावलं मागे सरायचे. तुझी ओंजळ तशीच पुढे असायची.

शनिवारी वाडीला यायच्या आधी तू सावित्रीत तासभर अंघोळ करायचास. लहानपणी मला वाटायचं तुला पोहायला आवडतं.

तुझं नाक हे तुझं खरं हत्यार होतं. टाकीचं झाकण हाताएवढं सरकवून तू सांगायचास, आज फिनेल जास्त पडलंय, आज कोणीतरी रॉकेलचा डबा विसळलाय. एकदा मी सुट्टीत तुझ्याबरोबर होतो. तू खडीचा एक दगड उचललास, अंगठ्याने घासलास आणि तसाच कंपाउंडरकडे गेलास.

"साहेब, काल मोरीत काय ओतलंत?"

"कुठे काय?"

"कार्बोलिक. बाटलीभर."

"तू काय बाटली धरून बसला होतास?"

"दगड सांगतोय. वरची बुळबुळ मेली. आता पंधरा दिवस पाणी घाण जाणार आन् शिव्या मला."

"अरे, दगड कधी मरतो का?"

"माझे मरतात."

कंपाउंडर मोठ्याने हसला. मीही हसलो, त्याच्या बाजूला उभा राहून. पुढच्या वर्षी आम्हाला शिकवलं की अशा खडीवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, तेच घाण खातात, आणि कार्बोलिकने ते मरतात. तुझं अक्षरन् अक्षर खरं होतं. हे तुला सांगायचं मी ठरवलं होतं. दोन सुट्ट्या गेल्या, सांगितलं नाही. सांगायचं तर आधी त्या दिवशी हसलो त्याची माफी मागावी लागली असती.

मोरीतून टाकीत काय काय येऊन पडायचं! फुटक्या काचा, सुया, औषधांच्या अर्ध्या बाटल्या. त्या तू गाळातून वेचून, धुऊन, मागच्या भिंतीच्या कोनाड्यात ओळीने मांडायचास. वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येकीच्या गळ्याला दोरा. एक गाठ म्हणजे हात भाजतो. दोन गाठी म्हणजे डोळ्यांना पाणी येतं. तीन गाठी म्हणजे उघडायचीच नाही. मी एकदा चिठ्ठ्या लिहून डकवल्या, तर म्हणालास, "तू मुंबईला गेल्यावर ह्या कोण वाचंल?" दोरे तसेच राहिले. खरं म्हणजे चिठ्ठ्यांपेक्षा ते बरे होते. कंपाउंडरसुद्धा अंधारात हाताने चाचपून ओळखायचा.

आता ज्यावरून आपण भांडलो ते.

मुंबईच्या पंपावर तू एक गोष्ट शिकला होतास. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर घाबरायचं नाही, वास एकाएकी बंद झाला की शिडी धरून वर पळायचं. असं का, ते तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू मला विचारलं होतंस, "वास जातो म्हंजे हवा चांगली झाली ना रे? मग माणसं का पडतात?" मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हणालो.

इंटरच्या वर्षी प्रयोगशाळेत तोच वायू तयार करायला लावला. बा, तो वास आला आणि मला एकदम तुझी आठवण झाली. शनिवारी तू दारात उभा राहायचास तसा, नदीत अंघोळ करूनही जो थोडासा उरायचा, तोच वास. सगळ्या मुलांनी नाकाला रुमाल लावले. मी लावला नाही. मग कोणी तरी माझ्याकडे पाहिलं, आणि मी लावला.

त्या दिवशी प्रोफेसरांनी सांगितलं की हा वायू थोडा असला की वास येतो, जास्त झाला की आधी नाक मरतं आणि मग माणूस. म्हणजे वास जातो तेव्हा हवा चांगली झालेली नसते. तुला हवं होतं ते उत्तर हेच. आणि हवा तपासायला आत दिवा सोडतात, त्याचाही उपयोग नाही, कारण माणूस मरेल एवढ्या हवेत दिवा खुशाल जळतो. मग त्यांनी शिशाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवलेली टिपकागदाची पट्टी दाखवली. पांढरी असते, ओली करून त्या हवेत धरली की काळी पडते. तिला नाक नसतं.

तास संपल्यावर मी थांबलो आणि म्हणालो, "सर, ह्या पट्ट्या थोड्या मिळतील का?"

"कशाला?"

खरं सांगायची वेळ तीच होती. वर्गातले दोघे अजून बाकावर होते. मी म्हणालो, "गावी भावंडांना गंमत दाखवायला."

"मग घे डझनभर. जपून वापर. खेळण्यासाठी आणखी देणार नाही."

मला भावंडं नाहीत.

मे महिन्यात त्या तुला दिल्या. दवाखान्याच्या मागच्या पायरीवर आपण बसलो होतो. मी सगळं समजावून सांगितलं. ओली करायची, दोऱ्याने टाकीत सोडायची, शंभरपर्यंत मोजायचं, मग वर काढायची. रंग बदलला तर उतरायचं नाही. फक्त करून दाखवलं नाही. टाकी दहा पावलांवर होती. पण दाखवण्यात एक गेली असती आणि तुला अकराच राहिल्या असत्या, म्हणून नुसतं तोंडाने सांगितलं. वर म्हणालो, "जपून वापरा. परत मिळायच्या नाहीत."

तू एक पट्टी उजेडाकडे धरलीस. "हिला काळी पडायला किती हवा लागते?"

"थोडीशी."

"थोडीशी हवा तर रोजच असते. म्हंजे रोज काळी पडणार. म्हंजे कधीच उतरायचं नाय. मग गाळ काय तुझा प्रोफेसर काढायला येतो?"

"झाकण उघडं ठेवायचं, एक दिवस थांबायचं, पुन्हा पट्टी लावायची."

"एक दिवस! इथं सकाळी झाकण उघडलं की दुपारी डाक्टर बोलतो, वास येतो, बंद कर. माझं नाक हाय ना रे."

"नाक फसवतं."

मग तू ते बोललास. ओरडून नाही, पट्टी परत पानात ठेवता ठेवता. "ह्याच नाकावर तुला कॉलेजात धाडला."

 मी उठून आत गेलो. चार दिवसांनी दासगावच्या बंदरावर तू मला पोचवायला आलास, ट्रंक लाँचमध्ये चढवलीस, आणि "पोचल्याचं कार्ड टाक" एवढंच म्हणालास. कार्ड टाकलं. त्यात प्रकृतीस जपा असं लिहिलं. ते आयेने कोणाकडून तरी तुला वाचून दाखवलं असेल.

पुढचं मला इब्राहिमचाचांनी सांगितलं. दवाखान्याला पाणी पुरवणारी बैलगाडी त्यांची. त्या दिवशी तिथे तेच होते. या पावसात सावित्रीचं पाणी दवाखान्याच्या कुंपणापर्यंत चढलं, टाकीवर गाळ बसला, झाकण दोन महिने उघडलंच नाही. मग वरचे कोणी साहेब बघायला येणार म्हणून एका दिवसात सगळं साफ करायचं ठरलं.

चाचा सांगत होते. "सर्दी झाली होती त्याला. शिंकून शिंकून डोळे लाल. मी बोललो, आज नको रे, उद्या उतर. तर हसून काय बोलला, चाचा, आज बरं हाय, वासच येत नाय."

तू सर्दीने चोंदलेलं नाक घेऊन उतरलास, बा. पंपावर शिकलेल्या त्या एका गोष्टीचाही त्या दिवशी उपयोग नव्हता, कारण जायला वास आधी यावा लागतो.

"कंदील सोडून बघितला त्यानं," चाचा म्हणाले. "चांगला जळत होता. मंग उतरला. तीन पायऱ्या बघितल्या मी. चौथ्या पायरीला त्यानं हात सोडला, झोप लागल्यासारखा. हाक नाय, काय नाय. मी उतरलो नाय रे गणू. दोर आन् आकडी आणायला पळालो. उतरलो नाय, मला माफ कर."

मी त्यांना म्हणालो, बरं केलंत, नाही तर दोघेही गेले असते. हे मी पुस्तकातलं सांगितलं. खरंही आहे. पण ते रडत होते आणि मी पुस्तकातलं सांगत होतो.

तुला वर काढलं तेव्हा कंदील आत जळतच होता, असंही ते म्हणाले.

मला तार मिळाली. बाणकोटपर्यंत आगबोटीने आलो, तिथून लाँच भरतीची वाट बघत अर्धा दिवस थांबली. मी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय की हृदय बंद पडलं. वाडीत लोकांनी विचारलं, दवाखान्यात असून डॉक्टरांनी काही केलं नाही का? आये माझ्याकडे बघत होती. तेराव्याच्या पंगतीत मी सगळ्यांना सांगितलं तू काय काम करत होतास. कोणी उठून गेलं नाही. दोघांनी हातातला घास ठेवला, आणि थोड्या वेळाने परत उचलला. एवढ्यासाठीच तू जन्मभर नदीत तास-तास उभा राहिलास.

डब्यातल्या त्या पुडीच्या दोऱ्याला गाठ नव्हती. मी नीट बघितलं, एकही नव्हती. तुझ्या खुणेप्रमाणे ती धोक्याची वस्तू नव्हती. ती मुलाने कॉलेजातून आणलेली, परत न मिळणारी वस्तू होती, आणि तू ती दाखल्याशेजारी ठेवलीस. मी जपून वापर म्हणालो होतो. तू माझं ऐकलंस. भांडलास, तरी ऐकलंस. तू रागावून फेकून दिल्या असत्यास तर मला आज बरं वाटलं असतं, असं कधी कधी मनात येतं.

कॉलेजात परत गेल्यावर मी प्रोफेसरांना सगळं सांगितलं. ते उठून कपाटापाशी गेले. मग म्हणाले, "अरे, हे तेव्हाच का नाही बोललास? बाटलीभर क्षार दिला असता. दोन वर्षं पुरला असता." त्यांनी खरोखर बाटली काढून दिली. तिला किंमत अशी फारशी नसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोनशे पट्ट्या करून आणल्या. दवाखान्यात तुझ्या जागी धोंडू म्हणून एकजण आला आहे, वरच्या वाडीचा, दोन मुलींचा बाप. भला माणूस आहे. कोनाड्यातल्या बाटल्यांचे दोरे त्याने काढले नाहीत, चाचांकडून गाठींचा अर्थ विचारून घेतला. मी त्याला त्याच पायरीवर बसवलं. या वेळी नुसतं तोंडाने सांगितलं नाही. झाकण सरकवायला लावलं, पट्टी ओली केली, दोऱ्याने आत सोडली. दोघांनी मिळून शंभर मोजले. वर काढली तेव्हा ती तव्याच्या बुडासारखी काळी होती.

धोंडू तिच्याकडे वाकून बघत राहिला. मला वाटलं त्याला पटलं. मग हळहळून म्हणाला, "अरेरे! येवढी चांगली पांढरी होती. फुकट घालवली की, मास्तर."

"फुकट नाही, धोंडूदादा. ती काळी पडण्यासाठीच आहे. दर वेळेला एक घालवायची. संपल्या की मी आणखी पाठवीन. कितीही पाठवीन."

"व्हय, व्हय." त्याने उरलेली पुडी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. "कालेजातली वस्तू हाय. जपून ठेवतो. तुमी काळजी नका करू."

मी पुन्हा सांगितलं. चाचांनाही सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा धोंडू मान डोलावत होता आणि त्याचा हात खिशावर होता, पुडी चुरगळू नये म्हणून.

उद्या सकाळी माझी लाँच आहे, बा. दासगावला पोचवायला या वेळी कोणी नाही. तुझ्या त्या बारा पट्ट्या माझ्याकडे आहेत. त्याही धोंडूला द्यायला हव्या होत्या. मी ट्रंकेत तळाशी ठेवल्या आहेत, कोऱ्याच.